गिऱ्हाइकाचं माप

मित्रांनो, शिंप्याच्या गळ्यात लोंबणारी मापाची टेप तुम्ही पाहिली असेल. मी तीच. जुनी आहे, हे मान्य. माझा पिवळा रंग उडालाय, एका टोकाचा पितळी पत्रा वाकलाय आणि मधल्या काही आकड्यांवरून इतकी बोटं फिरलीत की ते आता अंदाजानेच वाचावे लागतात. पण मी ढिली पडलेली नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण या गोष्टीत माझ्यावर तो आळ पुन्हा पुन्हा येणार आहे आणि दरवेळी तुम्हाला आठवण करून द्यायला मला वेळ मिळणार नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. मेणकापडाची लांबच लांब पट्टी सरकत यायची आणि वरून यंत्र खटाखट आकडे उमटवत जायचं. आम्ही सगळ्या बहिणी एकाच लांबीच्या, एकाच वासाच्या. आमचा गठ्ठा दोऱ्याने बांधून बाजारात गेला आणि मी शिवणकाकूंच्या दुकानात येऊन पडले.

दुकान म्हणजे एक खोली. रस्त्याकडे खिडकी, दोन मशिनं, एक इस्त्री आणि कोपऱ्यात चिंध्यांचं पोतं. त्या पोत्यावर शेजारची मांजर झोपायची आणि गिऱ्हाइकाच्या नव्या कपड्याला आपले केस चिकटवून जायची. काकूंच्या ओठांत कायम टाचण्या धरलेल्या असत, त्यामुळे त्यांचं अर्धं बोलणं 'हूं'वरच चाले. 'हूं' म्हणजे हात वर करा. 'हूं हूं' म्हणजे वळा. आणि लांबलचक 'हूंऽऽ' म्हणजे एवढ्या कापडात तुमचा कोट होणार नाही.

तिथे मी माणसं शिकले. तुम्ही माणसं चेहऱ्याने ओळखता, मी घेराने ओळखते. काहीजण मला पाहताच छाती फुगवत, काहींना गुदगुल्या होत, काही जण पोट आत ओढून छताकडे बघत राहत. पोरांचं माप घेताना काकू माझ्याखाली दोन बोटं घालत आणि म्हणत, "यांचे कपडे घरी पोचेपर्यंत आखूड होतात." ती माझी सुखाची वर्षं होती. काकू दिवसभर मला गळ्यात घालून वावरत. काकांचं त्यावरून एक वाक्य ठरलेलं होतं, "हिला दागिना केला असता, पण ही टेप काढायलाच तयार नाही."

मग एका बाईंचं जाकीट आलं. माप देताना त्या बाईंनी श्वास असा काही ओढून धरला की मला वाटलं, आता या खाली पडणार. काकूंनी आकडा लिहून घेतला, जाकीट शिवलं. बाईंनी ते घातलं, श्वास सोडला, आणि बटणं टपाटप तुटून समोरच्या भिंतीवर जाऊन आदळली. बाई दुकान डोक्यावर घेऊन भांडू लागल्या. गिऱ्हाईक तुटू नये म्हणून काकूंनी सगळं माझ्यावर ढकललं. "टेपच ढिली पडलीय मेली!" असं म्हणून त्यांनी मला गळ्यातून काढलं आणि फुटक्या बटणांच्या खणात टाकलं. मला इतकं लागलं म्हणून सांगू! खोटं त्या बाईंच्या श्वासात होतं, आणि अंधार माझ्या वाट्याला आला.

त्या खणातून मला बाहेर काढलं ते ताईंनी. गल्लीच्या टोकाला बालवाडी होती आणि या तिथल्या बाई. वयाने लहान, चालणं भरभर, खांद्याला ही भलीमोठी कापडी पिशवी.

"काकू, काही जुनं सामान असलं तर द्या ना. खेळण्यातलं प्लॅस्टिकचं नको. खऱ्या कामातलं हवंय."

"ते कशाला गं?" काकूंनी टाचण्या काढून विचारलं.

"पोरांना कामं शिकवायचीत. कोण काय करतं, कसं करतं. चित्रं दाखवून काही कळत नाही हो त्यांना. हातात दिलं की कळतं."

पिशवीत गवंड्याची थापी होती, डॉक्टरांचा फाटक्या नळीचा स्टेथोस्कोप होता, कंडक्टरचा पंच होता, पोस्टमनची पट्टा तुटलेली थैली होती. काकूंनी मला खणातून ओढून त्यांच्या हातावर ठेवलं. "ही ने. पण ढिली आहे हं. खऱ्या कामाला वापरू नकोस."

"आमच्याकडे सगळं खरंच काम असतं, काकू," ताई हसून म्हणाल्या. आज ते वाक्य आठवलं की माझ्या अंगावर काटा येतो.

बालवाडीची खोली एकच, पण मोठी. दाराजवळ पोरांच्या उंचीला खुंट्या होत्या, एकेका खुंटीवर एकेकाचं दप्तर. मागच्या बाजूला एक चटई अंथरलेली, तिच्यावर एक बाक, एक तिपाई स्टूल आणि दुकानाचा गल्ला म्हणून पालथं घातलेलं खोकं. हा कामांचा कोपरा. दर सोमवारी तिथे नवीन काम येई. ताई आधी त्या कामाची हत्यारं दाखवत, मग ती पोरांच्या हातात देत आणि स्वतः बाजूला होत. पण त्याआधी प्रत्येकाचं माप घेतलं जाई. जुने सदरे कापून लहान केले होते, ते कामाचे कपडे. आधी माप, मग काम, असा ताईंचा नियम होता. आकडे शिकवायचे म्हणून तो त्यांनी काढला होता. पोरं मला एकमेकांभोवती गुंडाळत, ताई वाकून आकडा वाचत आणि सगळी पोरं तो कोरसात ओरडत. मी पुन्हा कामाला लागले. मला जन्म सार्थकी लागल्यासारखं वाटलं.

माप घ्यायचं काम बहुतेक वेळा फटाकडी बळकावी. तिचं खरं नाव दुसरं होतं, पण तिच्या आवाजामुळे आणि तोऱ्यामुळे तिला सगळे फटाकडीच म्हणत. गुबगुबीत गालांचा एक मुलगा होता, तो गब्दुल. सर्वांत लहान मुलीच्या फ्रॉकवर छातीशी रुमाल टाचलेला असे, म्हणून ती पिन्नी.

बसड्रायव्हरच्या आठवड्यातली गोष्ट. गब्दुल बाकावर बसला होता. हातात ताटलीचं स्टिअरिंग, तोंडाने घरघर चाललेली. फटाकडीने मला त्याच्या छातीभोवती टाकलं आणि मी दचकले. माझ्याखाली गब्दुलचं मऊ पोट नव्हतंच. तिथे एका मोठ्या माणसाची रुंद, दमलेली छाती होती. ती सावकाश श्वास घेत होती. जाड कापडाला डिझेलचा वास येत होता. फटाकडीने तर मला नुसतं टोकाला धरलं होतं, तरी मी ताणली गेले. मग ताई वाकल्या, "चोवीस," म्हणाल्या आणि माझ्याखाली पुन्हा गब्दुल होता, तोच, नाक वाहणारा.

मला वाटलं, वय झालं आपलं. पण पुढच्या आठवड्यात फटाकडी डॉक्टर झाली. पेशंटच्या छातीला नळी लावून ती 'श्वास घ्या' म्हणाली, तेव्हा गळ्यात मीही होते. त्या वेळी मी एका उंच, प्रौढ बाईच्या मानेवर होते. त्या मानेची एक शीर दुखत होती. ताईंनी हाक मारताच ती मान पुन्हा बोटभर झाली. मग गवंडी, मग पोस्टमन. पोर कामात पुरतं बुडालं की क्षणभर ते जे होणार ते होऊन जाई. कुणाच्या डोळ्यांना हे दिसत नव्हतं, कारण कुणी बघेपर्यंत ते संपलेलं असे. मला मात्र हाताला लागावं तसं लागे. आधी मी घाबरले, मग सवय झाली, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडूही लागलं.

पण मित्रांनो, शिंप्याच्या दुकानात एक गोष्ट मी शिकले होते. एकाच्या अंगरख्याला कापड वाढवायचं तर ते दुसरीकडून कापावं लागतं. ही पोरं वाढत होती, तर ते कापड येत कुठून होतं?

कोणत्याही खेळात काम करणारा लागतो, तसा काम करून घेणाराही लागतो. डॉक्टरला पेशंट हवा, ड्रायव्हरला प्रवासी हवा, न्हाव्याला डोकं हवं. फटाकडीने ते पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं.

"पिन्नी पेशंट."

पुढच्या सोमवारी, "पिन्नी पॅसेंजर." त्याच्या पुढच्या, "पिन्नी गिऱ्हाईक."

पिन्नी कधी कुरकुरली नाही. ती बाकावर नाहीतर स्टुलावर बसे, तोंड उघड म्हटलं की उघडे, तिकीट घे म्हटलं की घेई. ताईंच्या हे लक्षात येत नव्हतं असं नाही. त्या म्हणत, "अगं, आज पिन्नीला डॉक्टर होऊ द्या की."

"मग पेशंट कोण?" सगळी पोरं एकदम ओरडत. कुणी हात वर करत नसे. गोंधळ वाढे, वेळ जाई. ताई पिन्नीकडे बघत. पिन्नी मान हलवून चालेल म्हणे.

"बरं. उद्या हं पिन्नी. उद्या नक्की," ताई म्हणत. त्यांच्या मनात खोट नव्हती. पण बालवाडीतला उद्या हा कायम उद्याच असतो.

पिन्नीचं मापही घेतलं जाई, कारण ताई कुणालाच वगळत नसत. पहिल्या वेळी तिची छाती एकवीस भरली होती. मग वीस झाली. मग त्याहूनही कमी.

"अशी कशी गं ही?" ताईंनी मला उलटसुलट करून पाहिलं. मग त्यांना काकूंचं बोलणं आठवलं. "हां, टेप ढिली आहे नाही का!" त्यांनी हसून मला खोक्यावर ठेवून दिलं. माझा जीव तळमळला. मी गब्दुलला ढिली नव्हते, फटाकडीला ढिली नव्हते, मग एका पिन्नीलाच कशी ढिली होईन? पण टेपला कोण विचारतो.

त्यानंतर बारीकसारीक गोष्टी घडू लागल्या. पोरं रांगेत उभी राहत, तेव्हा पिन्नीच्या मागचा मुलगा पुढच्याला जाऊन भिडे, जणू मध्ये कुणी नव्हतंच. ताई खाऊ वाटत पिन्नीपाशी येत आणि तिला ओलांडून पुढे जात. पिन्नी 'ताई' म्हणे, पण तो आवाज मागच्या खोलीतून आल्यासारखा वाटे. उन्हात पोरं खेळत, तेव्हा तिची सावली इतरांपेक्षा फिकट पडे, पुन्हा पुन्हा धुतलेल्या कपड्यासारखी. तिला स्वतःला याचं काही वाटत नव्हतं, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली.

दवाखान्याचा आठवडा पुन्हा आला. फटाकडी डॉक्टर, गब्दुल कंपाउंडर. पिन्नीला बाकावर निजवलं, हाताला पट्टी बांधली, अंगावर चादर घातली. छाती मोडली आहे असं ठरलं, म्हणून फटाकडीने मला प्लास्टर म्हणून तिच्याभोवती गुंडाळलं.

"हलायचं नाही. बोलायचं पण नाही," फटाकडीने बजावलं. "आजारी माणूस बोलत नसतो."

पिन्नीने डोळे मिटले. मग घंटा झाली. पोरं थापी, पंच, थैली जागच्या जागी टाकून पळाली. दप्तरं निघाली, चपला निघाल्या, फाटकाशी आया आणि आजोबा जमले. कोपऱ्यात बाकावर मी आणि पिन्नी. तिचा श्वास मला कळत होता. वर, खाली. मग थोडा कमी वर. मग आणखी कमी. मी तिला आवळून धरायचा प्रयत्न केला, पण टेप आवळत नाही, तिला कुणीतरी ओढावं लागतं. माझा वेढा हळूहळू खाली बसत गेला. चादर खाली बसत गेली. हाताची पट्टी तशीच गोल राहिली, पण आत हात नव्हता. शेवटी माझ्या वेढ्याची वरची आणि खालची बाजू एकमेकींना टेकली.

पिन्नीचे बाबा बेकरीत कामाला होते. ते रोज सगळ्यांत शेवटी येत, बाह्यांना पीठ लागलेलं असे. त्या दिवशीही आले. फाटकाशी ताई एकट्याच उभ्या होत्या.

"न्यायला आलात?" ताईंनी विचारलं.

"हो. म्हणजे, रोज येतो ना मी."

"कुणाला?"

बाबांनी फाटकातून आत पाहिलं. डोकं खाजवलं. "काय हो हे! अगदी ओठांवर आहे बघा."

ताईही हसल्या. त्यांनाही आठवत नव्हतं. "नवीन पालक का तुम्ही?"

"नाही हो." बाबांनी रस्त्याकडे पाहिलं. "उन्हाने डोकं चालेनासं झालंय. चुकून आलो असेन. येतो मी." आणि मित्रांनो, ते वळले. पाठ फिरवून चालू लागले. मी खोलीत चादरीवर पडून ते सगळं ऐकत होते, आणि टेपला तोंड नसतं याचं दुःख मला त्या दिवसाइतकं कधी झालं नाही.

ताई दार लावायला आत आल्या. खुंटीवर एक दप्तर राहिलं होतं. त्यांनी ते उचललं, उघडून पाहिलं, मग दारातूनच हाक मारली. "अहो! हे तुमचं का बघा बरं."

बाबा परत आले. त्यांनी दप्तर हातात घेतलं आणि दोन-तीनदा वरखाली तोललं. "कुणाचं ते नाही सांगता येत," ते म्हणाले. "पण वजन ओळखीचं आहे हो." त्यांचे डोळे भरून आले होते. का ते त्यांना कळत नव्हतं. ते पीठ लागलेल्या बाहीने डोळे पुसत राहिले.

ताईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्या खोलीभर बघू लागल्या. नाव आठवेना, चेहरा आठवेना. पण त्यांचे ओठ हलत होते. मग मी ते शब्द ऐकले. "उद्या. मी कुणाला तरी उद्या म्हणत आलेय. रोज म्हणत आलेय."

त्या कोपऱ्याशी आल्या. चादर सपाट होती. त्यांनी ती गोल पट्टी पाहिली, मला पाहिलं. एखादी बाई किंचाळली असती, पळाली असती. ताई तिपाई स्टुलावर बसल्या आणि खेळातल्या आवाजात बोलू लागल्या.

"शिंपीणबाई, आहात का दुकानात? मला एक कोट शिवायचाय."

ताईंनी स्टूल थोडं पुढे ओढलं.

"दुकान उघडं आहे ना? गिऱ्हाईक आलंय म्हटलं."

त्यांनी मला उचललं आणि माझं वाकडं टोक समोर रिकाम्या हवेत धरलं, एखाद्याच्या हातात द्यावं तसं. मग तशाच थांबल्या. दारातून बाबांनी विचारलं, "कुणाशी बोलताय?"

"थांबा जरा," ताई म्हणाल्या. "शिंपीणबाई कामात असतील. मी थांबते. मला काही घाई नाही." त्यांचा हात अवघडला, दुखू लागला, तरी त्यांनी तो खाली घेतला नाही.

माझ्या वाकड्या पत्र्याला गार चिमूट लागली.

आधी दोन बोटं, मग सगळा तळवा. कुणीतरी मला ओढलं. "हात वर करा," एक आवाज म्हणाला. अगदी बारीक होता, पण हुकमी होता.

ताईंनी हात वर केले. मी त्यांच्या पाठीमागून पुढे येऊ लागले, पण अर्ध्यातच अडले.

"वाका ना! मला पुरत नाही."

ताई वाकल्या. मी पूर्ण फिरले, आणि समोर पिन्नी उभी होती. रुमाल तिरका झालेला, केसांच्या पार झिपऱ्या झालेल्या. तिने माझ्यावर नाक टेकवून आकडे वाचले. "एक, दोन, सात, वीस. जाड आहात तुम्ही. कापड जास्त लागेल."

"लागू दे," ताई म्हणाल्या आणि तिला पोटाशी धरून रडल्या.

"अगं, चल की! किती उशीर केलास," बाबा दारातून म्हणाले, जणू काही घडलंच नव्हतं. दप्तर त्यांनी खांद्याला अडकवलंही होतं. पिन्नी त्यांचं बोट धरून गेली. जाताना ती त्यांना सांगत होती की बाबा, उद्या मला दुकान आहे.

तेव्हापासून पिन्नी आमची शिंपीण झाली. माझ्यासारख्या जुन्या टेपला तिने गळ्यात घातलं आणि तिच्या चालण्यात एकदम रुबाब आला. फटाकडीलाही ती दमात घेऊ लागली. एकदा माप घेता घेता ती कामात बुडाली आणि मला एका मोठ्या बाईची खंबीर, ऊबदार बोटं लागली. मला शिवणकाकूंच्या हातांची आठवण झाली. इतका आनंद मला माझ्या तरुणपणीही झाला नव्हता.

गोष्ट इथेच संपवता आली असती. पण मी मापात फसवत नाही.

पिन्नी परत आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी पोरांनी नेहमीचा प्रश्न विचारलाच. "मग पेशंट कोण?"

"मी," ताई म्हणाल्या आणि स्टुलावर बसल्या.

पोरं टाळ्या वाजवून नाचली. ताई पेशंट, ताई पॅसेंजर, ताई गिऱ्हाईक. यापेक्षा मोठी गंमत कोणती? सोमवार येत, कामं बदलत, आणि स्टुलावर ताई असत. पूर्वी त्या उभ्या राहून दाखवत, थापी कशी धरायची, पंच कसा दाबायचा. आता पोरांनाच सगळं येऊ लागलं होतं. "तुम्ही बसा हो ताई, आम्हाला येतं," पोरं म्हणत. ताई हसून बसत. त्या कौतुकाने पोरांकडे बघत राहत, आणि पोरं वाढत. माझ्याखाली ड्रायव्हर वाढत, डॉक्टर वाढत, गवंडी वाढत.

आधी ताईंचं माप चौतीस भरलं होतं. मग तेहतीस झालं. "बारीक होतेय वाटतं. बरंच झालं," ताई म्हणाल्या. मग आणखी उतरलं. ताईंचा सदरा खांद्यावरून घसरू लागला, तरी त्या म्हणाल्या, "छे, ही टेपच ढिली आहे." एवढं सगळं पाहूनही त्यांनी तेच म्हटलं. मला वाटतं, त्यांना कळलं होतं. पोरांना भीती वाटू नये म्हणून त्या तसं म्हणाल्या.

बालवाडीत झाडलोट करणाऱ्या मावशी दुपारी चहा आणतात. हल्ली त्या एक कप कमी आणतात आणि दारात येऊन 'कुणाचा बाई राहिला' म्हणून विचार करत उभ्या राहतात. परवा एका नव्या आईने फाटकाशी गब्दुलला विचारलं, "तुमच्या बाईंचं नाव काय रे?" तेव्हा गब्दुल आभाळाकडे बघत म्हणाला, "आहे कुणीतरी." शिवणकाकू पोरांना काज करायला शिकवायला आल्या होत्या. त्यांनी सगळीकडे नजर फिरवली आणि विचारलं, "ताई कुठायत तुमच्या?" ताई त्यांच्या समोर, हातभर अंतरावर स्टुलावर बसल्या होत्या. "काकू, मी इथेच आहे," त्या म्हणाल्या. तो आवाज मागच्या खोलीतून आल्यासारखा होता.

आज सकाळी पिन्नीने मला ताईंभोवती टाकलं. ताईंना वाकावं लागलं नाही. पिन्नीचे हात मला आता सहज त्यांच्या पाठीमागून पुढे आणू शकतात. तिने आकडा पाहिला, भुवया उंचावल्या, आणि मला उलटसुलट केलं. मला वाटलं, हिला तरी कळेल, ही त्या चादरीखाली जाऊन आली आहे. पण पोरांना तेवढंसं आठवत नाही, आणि तेच बरं आहे. "ढिली झालीय," ती म्हणाली आणि मला खोक्यावर ठेवून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

मित्रांनो, म्हणून मी आज तुमच्याशी बोलतेय. तुमच्यातल्या प्रत्येकाला काहीतरी येत असेल. कुणाला बूट बांधता येत असेल, कुणाला शंभरपर्यंत मोजता येत असेल. त्याबद्दल शाबासकी देणारं कुणीतरी स्टुलावर बसलेलं असतं, कधी बालवाडीत, कधी घरात. त्या माणसाला फक्त बघत बसायला लावू नका. त्याच्याकडे जा आणि जे तुम्हाला येत नाही ते विचारा. हे कसं करायचं, ताई? मला दाखवता का? मग ते उठेल, तुमचा हात हातात घेईल आणि आपल्या कामाला लागेल.

आमच्या पोरांपैकी कुणी हे ऐकत असेल, तर त्याने दप्तर टाकून आधी कोपऱ्यात जावं. स्टूल रिकामं दिसलं तरी मागे फिरू नये. समोर उभं राहून मोठ्याने प्रश्न विचारावा आणि उत्तर येईपर्यंत थांबावं.

पण घाई करा. ताई अजून स्टुलावर आहेत, त्यांनीच मला खोक्यावरून उचलून पुन्हा स्वतःभोवती घेतलंय आणि माझ्या वेढ्याच्या दोन्ही बाजू एकमेकींच्या फार जवळ आल्या आहेत.